माझ्या नावाचं पान

१

पाच वर्षांनी जर्मनीहून गावी परतलो, तर अख्ख्या गावात एकानेही मला "कधी आलास?" असं विचारलं नाही.

आता हे काही आभाळ कोसळण्यासारखं नव्हे, हे मलाही कळतं. पण १९६४ सालची गोष्ट. खालापूरच्या अलीकडे, पाताळगंगेच्या काठी आमचं गाव, आणि तिथून परदेशी गेलेला मी पहिलाच माणूस. जाताना निम्मा गाव मला पोचवायला कर्जत स्टेशनापर्यंत आला होता. तेव्हा परतताना चार बाया तरी दारात येतील, बर्फ कसा असतो म्हणून कुणी विचारील, एवढी हाव मी बोटीवरच धरून ठेवली होती. उत्तरंसुद्धा तयार होती.

एसटीतून उतरलो तेव्हा फाट्यावर गजा उभा होता. हा माझ्या शाळेतला, आता मिळेल ती मजुरी करणारा. त्यानं मुकाट्यानं माझी ट्रंक डोक्यावर घेतली.

"आज रस्त्यानं?" एवढंच म्हणाला.

"मग कुठनं येणार?"

तो चालायला लागला. ट्रंकेत काय आहे, इतकी जड कशी, हेही त्यानं विचारलं नाही. वाटेत शेजारच्या अंबाबाई अंगणात भात पाखडत होत्या. त्यांनी सूप थांबवलं, माझ्याकडे पाहिलं.

"जेवलास का रं वाल्मिक?"

आणि पुन्हा पाखडायला लागल्या. सकाळ-संध्याकाळ दारावरून जाणाऱ्याला विचारावं तसं. मी हातावर लोकरीचा कोट टाकलेला, घामाने निथळत, आणि मनातल्या मनात फणफणत घराकडे निघालो.

मी सरकारी शिष्यवृत्तीवर डार्मस्टाटला गेलो होतो, कागद बनवण्याचं शिक्षण घ्यायला. शिक्षण संपल्यावर तिथल्याच एका गिरणीनं नोकरी देऊ केली होती. ती नाकारून आलो ते आईसाठी. वडील, आबाजी, मी नववीत असताना गेले. पुढे आईनं शेत राखलं, आम्हा दोघा भावांना वाढवलं, मला शिकवलं. घरात माझी जागा आहे, ही एक गोष्ट मी पाच वर्षं कुणालाही न विचारता खरी धरून चाललो होतो. तिच्या जिवावरच तिकडचे हिवाळे काढले, असं म्हटलं तरी चालेल.

२

आई ओटीवर आली. भाकरतुकडा ओवाळून टाकायला तिच्या हातात काहीच नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मान वळवून माजघरातून मागच्या दाराकडे पाहिलं, आणि पुन्हा माझ्याकडे.

मी पाया पडलो. तिनं माझा उजवा हात हातात घेतला आणि चाचपत तर्जनीवर येऊन थांबली. त्या बोटाचं वरचं पेर तिकडे गिरणीतल्या यंत्राच्या रुळात गेलं होतं. मी ते घरी कळवलं नव्हतं. वाटलं, आता रडेल. पण तिनं माझा हात सोडून दिला, बाजारात किडकं वांगं परत पाटीत टाकावं तसा.

"तुटलं व्हय," म्हणाली आणि आत गेली.

धाकटा भाऊ चांगो खळ्यावरून आला. त्याची बायको मैना दाराआड उभी होती. त्यांचं लग्न मी तिकडे असताना झालं, त्यामुळे मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. काहीतरी बोलावं म्हणून म्हणालो, "काय मैना, घर आवडलं का आमचं?"

ती दचकली. पदर पुढे ओढून चांगोला म्हणाली, "ह्ये बोलत्यात?"

चांगोनं डोळ्यांनीच तिला दटावलं. मला हसू आलं. तिकडे राहून माझं मराठी बिघडलं असेल, असं तिला वाटलं असणार, अशी मी समजूत करून घेतली. समजुती करून घेण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

जेवायला बसलो. आमच्याकडे पुरुष आधी जेवतात. पुरुष आम्ही दोघे, पण आईनं पाट मांडले तीन. भाताच्या कणगीशेजारचा पाट माझा, लहानपणापासूनचा. मी सवयीनं तिकडे वळलो.

"तिथं नको रं," आई म्हणाली. "हितं दारापाशी बस. वारा लागंल."

कार्तिक महिना, वारा कुठला लागतोय. पण मी बसलो. दारापाशी आमच्याकडे पाहुण्याला बसवतात. मोठा मान दिलाय, असं म्हणून मी सुक्या बोंबलाच्या कालवणाला हात घातला. पाच वर्षांत गुडघे दुमडायची सवय गेली होती आणि माझं सगळं लक्ष पायांना आलेल्या मुंग्यांकडे होतं. तिसऱ्या पानावर भाकरी, कालवण, भात, सगळं वाढलेलं होतं. आम्ही उठलो तेव्हा मैनानं ते पान उचललं. काट्यांखेरीज त्यावर काही उरलेलं नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी मी आईला विचारलं, "तिसरं पान कुणाचं गं?"

"तुझंच," ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "तू नव्हतास तवा तुझ्या नावाचं वाढत व्हते."

मला भरून आलं. तिकडे मी पाव आणि बटाटे खात होतो तेव्हा इथं रोज माझं पान वाढलं जात होतं. "आता मी आलोय की," म्हणालो. "आता कशाला?"

तिनं सुपातला एक खडा शोधून काढला, टाकला. दुपारी पाट पुन्हा तीन होते.

मांजर खात असेल. चांगो खात असेल, त्याला लहानपणापासून दोघांची भूक. मी कारणं लावत होतो आणि कारणं लागतही होती. पण काही गोष्टी मला आपोआप दिसायला लागल्या. कागदाच्या धंद्यात माणसाला एक खोड लागते: समोर आलेली वस्तू उजेडासमोर धरून बघायची. माझ्या जुन्या वहाणा मागच्या दाराशी होत्या. पाच वर्षं न घातलेल्या वहाणांचं चामडं सुकून तडकायला हवं. या वहाणांना तेल होतं, टाचा झिजल्या होत्या आणि तळाला ओला चिखल होता. कणगीशेजारच्या भिंतीवर, बसणाऱ्याचं डोकं टेकतं त्या उंचीवर, तेलाचा डाग होता. गौरी-गणपतीला भिंती सारवतात. म्हणजे डाग गेल्या दोन महिन्यांतला.

"माझ्या वहाणा कोण घालतं रे?" मी चांगोला विचारलं.

"तुझ्याच हायत त्या."

"ते माहीत आहे. घालतं कोण?"

"तुझ्याच हायत म्हन्लं ना दादा," तो म्हणाला आणि भर उन्हात खळ्यावर निघून गेला.

आणखी एक. जेवताना घरातली सगळी माणसं मान खाली घालून असत. आई वाढायची तीसुद्धा कणगीकडे न बघता. मी तेवढा इकडेतिकडे बघत असे, पण बघावंसं वाटलं की नेमकं कुणीतरी काही विचारायचं, किंवा माझ्याच मानेला जड वाटायचं. काटा चघळल्याचा आवाज मात्र मी दोनदा ऐकला, आणि दोन्ही वेळा चांगो पाणी पीत होता.

४

तिसऱ्या दिवशी सकाळी आई नदीवर गेली तेव्हा मी मैनाला गाठलं. ती अंगणात शेण कालवत होती. थोरल्या दिराशी बोलायचं म्हणजे तिला संकटच. तिनं पाठ फिरवली आणि जमिनीशी बोलावं तशी बोलली.

"भावजी, तुमचं पत्र बंद झालं व्हतं का?"

झालं होतं. बोट गेलं, दवाखान्यात पडलो, त्या वर्षी परीक्षेत नापास झालो. आधी लिहिता येईना, मग लाज वाटायला लागली. अकरा महिने मी एक ओळ घरी पाठवली नव्हती.

"आत्यांनी लई वाट बघितली," मैना म्हणाली. "मंग भादव्यात सर्वपित्रीला सासऱ्यांचं पान ठेवलं, तवा शेजारी तुमचं बी ठेवलं. लोक म्हनले ठेव, म्हून. सासऱ्यांचं पान कावळ्यानं लगेच शिवलं. तुमचं काय शिवंना. दुपार कलली. तवा आत्या मागल्या दारात गेल्या आन् तुमाला हाक मारली. नावानं."

माझ्या हातातला तांब्या मी खाली ठेवला. सर्वपित्रीला आमच्या घरात गेलेल्याला नावानं हाक मारत नाहीत. नुसतं "या, जेवून जा" म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. हे लहान पोरालासुद्धा माहीत असतं.

"शेतातनं बोलवावं तशी मारली," ती म्हणाली. "वाल्मिक, जेवाय ये रं, म्हून. आन् बांधावरनं आले की कुनीतरी."

"कोण?"

"मी नवी सून. मला काय ठावं? आत्या म्हनल्या, हाच माजा वाल्मिक. मी पाट दिला." तिचा हात शेणात थांबला. "धा दिसांनी तुमचं पत्र आलं. मास्तरांनी वाचून दावलं. आमाला वाटलं, आता आत्या पान बंद करतील."

मी आत जाऊन ट्रंक उघडली. आईची सगळी पत्रं मी जपून आणली होती, तिनं सांगितलेली, मास्तरांच्या अक्षरातली. तारखा लावून ती जमिनीवर मांडली. १९६२च्या भाद्रपदापर्यंत प्रत्येक पत्रात एकच धोशा: कधी येतोस, डोळे लागलेत, शिक्षण पुरे झाले, आता ये. त्यानंतरच्या पत्रांत: येथे सर्व ठीक. घाई करू नये. शिक्षण पूर्ण करून सावकाश यावे. शेवटच्या पत्रात तर, तिकडे नोकरी मिळत असल्यास आमची हरकत नाही.

ही पत्रं मी तिकडे मित्रांना दाखवली होती. बघा, म्हणालो होतो, माझी अडाणी आई, पण मन केवढं मोठं. ते आठवलं आणि मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की मी पत्रं उलटी करून ठेवली.

५

त्या दुपारी मी सगळ्यांच्या आधी जाऊन कणगीशेजारच्या पाटावर बसलो.

बारा वाजले असतील. बाहेर लख्ख ऊन, खळ्यावर भात झोडल्याचे आवाज. आईनं भाकऱ्या उतरवल्या, हात पुसले आणि मागच्या दारात जाऊन उभी राहिली. माझ्याकडे तिची पाठ होती, चार हातांवर.

"वाल्मिक," तिनं शेताकडे तोंड करून हाक मारली. "जेवाय ये रं!"

"आई," मी म्हणालो, "हा काय मी. इथं बसलोय."

ती वळली नाही. "वाल्मिक, ये रं बाबा! निवतंय!"

"आई गं, मी आलोय!"

मी ओरडलोच असणार, कारण चुलीपाशी मैनाच्या हातून उलथनं पडलं. आईनं मान न वळवता, अगदी हलक्या आवाजात सांगितलं, "ऊठ तिथनं. येतोय तो."

मी शिकलेला माणूस. यंत्राच्या पोटात हात घालून बोट गमावलेला, तरी दुसऱ्या महिन्यात त्याच यंत्रावर जाऊन उभा राहिलेला. मी उठणार नव्हतो. पण उठलो. पायच उठले, आणि दारापाशी पाहुण्याच्या पाटावर जाऊन दुमडले. चांगो येऊन शेजारी बसला. त्यानं मान खाली घातली.

मागच्या दाराचा उजेड क्षणभर कमी झाला आणि परत आला. वहाणा काढल्याचा आवाज. एक, मग दुसरी. पाट जरासा सरकला.

मीही खाली बघत होतो. पण माझ्यापुढे पाण्याचा तांब्या होता, त्याच सकाळी चिंचेनं घासलेला. त्याच्या फुगीर पोटात सगळं माजघर वाकडं होऊन दिसत होतं. कणगी होती. कणगीपुढे कुणीतरी वाकून बसलेलं होतं. डोक्याला चपचपीत तेल, मधोमध भांग, आई माझा पाडायची तसा. चेहरा पानात घातलेला. उजवा हात वर आला, भाताचा घास घेऊन. बोटं मी मोजली. तर्जनी नखापर्यंत शाबूत होती.

मग ते डोकं तांब्याच्या दिशेनं वळायला लागलं, आणि चांगोनं हात लांबवून तांब्या पालथा केला. पाणी माझ्या मांडीवर सांडलं.

६

संध्याकाळ व्हायच्या आत मी ट्रंक भरली. आई ओटीवर बसून वाल सोलत होती. मी तिच्यापुढे उभा राहिलो.

"तुला ठाऊक होतं मी जिवंत आहे. पत्र आलं होतं."

"आलं व्हतं."

"तरी?"

तिनं आणखी एक वाल सोलला. मला वाटलं, चुकले म्हणेल. एवढं एक म्हणाली असती तर मी सगळं विसरलो असतो, खरंच सांगतो. दुसऱ्या दिवशी हसत त्याच पाटाशेजारी जेवलो असतो.

"तू शाळंला पनवेलला गेलास," आई म्हणाली. "मंग ममईला. मंग बोटीनं. दर टायमाला मी म्हनायचे, आता यील. तो कुटं जात नाय रं. हाक मारली की येतो."

"तो मी नाही, आई!"

"त्याची बोटं तरी धड हायत," ती म्हणाली.

मी तिच्या पाया पडलो नाही. त्याचा पश्चात्ताप नंतर पुष्कळ झाला, पण त्या वेळी माझ्या पोटात एवढा संताप होता की वाकलो असतो तर काहीतरी भलतंच बोललो असतो. "येतो" म्हणायची रीत आहे, ते म्हणालो. आईनं वालाची सालं वेचून घेतली. जाणाऱ्याला "ये" म्हणायची रीत आहे. ती गप्प राहिली.

फाट्यापर्यंत ट्रंक मीच नेली. अंबाबाई अंगणात होत्या. या खेपेला त्यांनी काहीच विचारलं नाही. त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

७

खोपोलीत एका कागद कारखान्यात मला नोकरी लागली. तिथून आमचं गाव काही कोसांवर. सात वर्षांत मी एकदाही गेलो नाही. चाळीत वरच्या मजल्यावर एक खोली घेतली. लग्न झालं नाही; बघायला जाताना "घरी कोण कोण असतं?" हा प्रश्न यायचा आणि मला उत्तर सुचायचं नाही. दर महिन्याला आईला कार्ड टाकायचो. उत्तर यायचं नाही. तरी मनात एक होतं: शेवटी मला बोलावतील. थोरला मुलगा मी. आईला अग्नी मी द्यायचा. तेव्हा तरी त्या अंगणात उभा राहून सगळ्यांना दिसेन.

परवा, रविवारी, चांगो आला. दोन-तीनदा बाजाराच्या निमित्तानं येऊन गेला होता, त्यामुळे खोली त्याला माहीत होती. उंबऱ्यातच बसला.

"आय गेली," म्हणाला. "पंधरा दिस झालं."

मी स्टोव्हवर भात ठेवत होतो. तसाच उभा राहिलो. रडायच्या आधी मला त्याचं डोकं दिसलं. तेल लावून चापून बसवलेले, चांगले लांब केस.

"तुझं डोकं केलं नाहीस?"

त्यानं केसांवरून हात फिरवला.

"चांगो, अग्नी कुणी दिला?"

"थोरल्यानं," तो खाली बघत म्हणाला.

मी खाली बसलो. सात वर्षं सांभाळलेलं ते एकुलतं एक, तेही गेलं होतं. गावातल्या शंभर माणसांनी ते बघितलं असणार आणि एकालाही खोपोलीपर्यंत निरोप पाठवावासा वाटला नव्हता. मी रडलो. आईसाठी किती आणि रागानं किती, ते मला सांगता येणार नाही. चांगोनं मला रडू दिलं. तो उठून जायला हवा होता, पण जात नव्हता. आणखी काहीतरी सांगायचं होतं त्याला.

"मैना म्हनली, म्हातारी व्हती तवर वाढलं, आता मी वाढनार नाय," तो म्हणाला. "तेरावं झालं आन् पान बंद केलं. काल तो बोलला."

"बोलला?"

"पयल्यांदाच. तुझ्यावानीच आवाज हाय."

"काय म्हणाला?"

"दुसरा कुटं राहतो, म्हून इचारलं."

खाली चाळीच्या नळावर बायकांचं नेहमीचं भांडण चाललं होतं. मी चांगोकडे बघत राहिलो. लहानपणी याला मी खांद्यावर बसवून पाताळगंगा ओलांडायचो. तो माझे केस घट्ट धरायचा.

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, दादा." त्याला रडू फुटलं. "पोरं ल्हान हायत माजी."

"जेवून जा," मी सवयीनं म्हणालो. त्यानं नकाराची मान हलवली, चपला पायात न घालता हातातच घेतल्या आणि जिना उतरून गेला. बारा वाजून गेले होते आणि स्टोव्हवर एकट्यापुरता भात शिजत होता.